वीटभट्टीवरची दोन मुलं, हातात एकही कागद नाही: सोलापुरात शाळाप्रवेश कसा करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहराच्या हद्दीलगतच्या वीटभट्टीवर कलबुर्गीकडचं कुटुंब आलं आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. जन्मदाखला नाही, आधार नाही, मुलीचा आधीच्या शाळेचा दाखलाही नाही. जवळच्या शाळेतून दोनदा "कागद घेऊन या" म्हणून परत पाठवलं.

कागद गोळा करत बसू नका. आधी मुलांची नावं पटावर आणा, कागद त्यानंतर करता येतात. उलट क्रमानं गेलात तर पाऊस येईल, भट्टी बंद पडेल, कुटुंब निघून जाईल आणि मुलांचं वर्ष हातचं जाईल.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ नुसार आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही. कलम १५ मुळे वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. कायद्यातला शब्द 'प्रत्येक बालक' असा आहे, त्यामुळे कुटुंब कर्नाटकातलं असल्यानं काही अडत नाही. आधारबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं करता येणार नाही.

मग मुख्याध्यापक का अडतात? बहुतेक वेळा त्यात दुष्टपणा नसतो. आधार जुळलं नाही की विद्यार्थी सरकारी पोर्टलवर वैध दिसत नाही आणि संच मान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरताना, आधार जुळलेला पट पाहिला जातो. त्यांना वाटतं, शिकवायचं आपण आणि पट मात्र मोजला जाणार नाही. म्हणून नुसतं कलम दाखवून भांडू नका. "प्रवेश आज द्या, आधारच्या मागे आम्ही लागतो" असं सांगा आणि खरोखर लागा. निम्मी दारं एवढ्यानं उघडतात.

तिसऱ्यांदा जाताना मात्र तोंडी बोलून परतू नका. पालकांच्या नावानं साध्या कागदावर दोन गोष्टी लिहून न्या: प्रवेशाचा अर्ज आणि वयाचं स्वयंघोषणापत्र. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार जन्मदाखला नसेल तर दवाखान्याच्या किंवा नर्सबाईंच्या नोंदवहीतली नोंद, अंगणवाडीची नोंद, आणि तेही नसेल तर आई-वडिलांचं किंवा पालकाचं घोषणापत्र वयासाठी चालतं. सही येत नसेल तर अंगठा घ्या, शेजारी साक्षीदाराची सही. दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का, तारीख नि आवक क्रमांक घालून पोच घ्या. तोंडी "नाही" म्हणणारा लेखी "नाही" सहसा देत नाही, आणि पोच हातात असली की पुढच्या तक्रारीला आधार राहतो.

आता सगळ्यात नाजूक भाग, जन्मतारीख. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मुख्य प्रवेश नोंदवहीत, जी तारीख पडते ती पुढे दाखल्यावर, आधारवर, दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते आणि नंतर बदलायला फार त्रास होतो. घाईत सगळ्यांना १ जून लावायची जुनी सवय आहे, ती इथे होऊ देऊ नका. दोन भावंडांच्या तारखांमध्ये सहाच महिन्यांचं अंतर पडलेली रजिस्टरं अशा अंदाजी तारखांमुळेच तयार होतात. आईजवळ शांतपणे बसा. लॉकडाऊनच्या आधी की नंतर, गड्ड्याच्या जत्रेच्या (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) आसपास की नागपंचमीच्या, पाऊस होता की ऊन, धाकटा झाला तेव्हा थोरली चालत होती का, असं विचारत गेलं की महिना बऱ्यापैकी हाती लागतो. नावाचं स्पेलिंगही तेव्हाच ठरवा. कन्नड उच्चाराचं नाव मराठीत अंदाजानं लिहिलं की पुढे आधारशी जुळत नाही. जातीचा रकाना कुणाला अंदाजानं भरू देऊ नका. पालक सांगतील तीच नोंद, पोटजातीसह, घाला. पुढे जात पडताळणीत हेच रजिस्टर काढलं जातं.

मुलीला भावाबरोबर पहिलीत बसवायचा प्रस्ताव येईल. तो मान्य करू नका. कलम ४ नुसार तिला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, म्हणजे साधारण चौथी, आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही मिळतं. नऊ वर्षांची पोर सहा वर्षांच्या मुलांत बसवली की ती लाजते आणि महिन्याभरात भट्टीवर धाकट्यांना सांभाळायला परत जाते.

माध्यमाचाही विचार करा. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. कुटुंब पावसाळ्यात गावी परतणार असेल आणि कन्नड शाळा चालत जाण्याजोगी असेल तर माझं मत तिच्याच बाजूचं. ती चार किलोमीटर लांब असेल तर जवळची मराठी शाळा बरी, कारण भट्टीवरून रोज सोडायला कुणी नसतं. याच कायद्यानं खासगी शाळेत राखीव असलेल्या २५ टक्के जागांच्या मागे मात्र आत्ता लागू नका. तिथे कागद लागतात आणि अर्जाची मुदत ठरलेली असते.

प्रवेश झाल्यावर जन्मनोंद. पहिला प्रश्न विचारायचा तो बाळंतपण कुठे झालं हा. नोंद जन्माच्या ठिकाणी होते, मूळ गावी नव्हे. बाळंतपण सोलापूरच्या सिव्हिलला झालं असेल तर नोंद महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात सापडेल, आणि लोक ती कर्नाटकातल्या ग्रामपंचायतीत शोधत हेलपाटे घालतात. नोंद असून फक्त बाळाचं नाव नसेल तर १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. नोंदच नसेल तर आधी 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यावा लागतो आणि एक वर्षाहून जुन्या जन्मासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२५ पासून राज्यात या उशिराच्या नोंदींची छाननी कडक आहे, महिने जाऊ शकतात. एजंटाकडून झटपट दाखला कधीही घेऊ नका. तो रद्द झाला तर भोगावं लागतं मुलाला. कुटुंबात १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेलं बाळ असेल तर त्याची नोंद आत्ताच तपासा, कारण त्या तारखेपासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासह बहुतेक कामांत जन्मदाखला हाच पुरावा धरला जाणार आहे.

शाळा तरीही अडली तर आधी केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, भेटा. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकारी, महापालिकेच्या शाळेसाठी तिथले प्रशासनाधिकारी. कलम ३२ खाली लेखी तक्रार केली की तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि अपील राज्य बालहक्क आयोगाकडे जातं. प्रत्यक्षात पोच जोडलेला अर्ज पाहिला की केंद्रप्रमुखांच्या पातळीवरच बरंच काम होतं. मुलांना कामाला जुंपलं असेल किंवा सांभाळणारं कुणी नसेल तर १०९८ ला फोन करा, तो विषय बालकल्याण समितीचा आहे.

भट्टी बंद व्हायच्या पंधरा दिवस आधी शाळेत जाऊन शिक्षण हमी कार्ड मागा आणि आईच्या हाती प्लास्टिकच्या पिशवीत द्या. स्थलांतरित मुलांना पुढच्या गावच्या शाळेत दाखवायला ते असतं. राज्य ओलांडून जाणार असतील तर त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जनरल रजिस्टरच्या उताऱ्याची झेरॉक्स द्या, शिवाय दोन्हींचे फोटो तुमच्या मोबाईलवर ठेवा. झोपडीत पाणी शिरलं की कागद पहिले जातात.