आमच्या प्रयोगशाळेतल्या प्लेटवरचे रानटी सूत्रकृमी फिकट पडून मरतायत, जिवाणूंचा संसर्ग दिसत नाही. आत परजीवी असू शकतो का? काय करावं?

असू शकतो. "खायला कमी पडलं असेल" असं तुम्हाला कुणी सांगत असेल, तर त्यांना आधी मायक्रोस्कोपसमोर बसवा.

मला नेमकं हेच ऐकवलं होतं. कुजक्या फळावरून वेगळे केलेले सी. एलिगन्स (प्रयोगशाळांत नेहमी वापरला जाणारा सूत्रकृमी) होते, खुरटलेले, अंगाने फिकट. वरिष्ठांनी लांबूनच निकाल दिला: उपासमार, प्लेट टाकून दे. मी टाकली नाही. आतड्याच्या पेशींतले कण जागोजागी नाहीसे होऊन चर पडले होते, आणि जास्त आजारी कृमींत लांबट बीजाणू ठासून भरलेले. मग त्याच प्लेटवर आमचे निरोगी कृमी सोडले आणि अन्न कमी पडू दिलं नाही. तेही तसेच झाले. उपासमार एकाची दुसऱ्याला लागते का? तरी उत्तर आलं, "योगायोग."

हे मायक्रोस्पोरिडिया, बुरशीचे नातलग असलेले परजीवी. यजमानाच्या पेशीबाहेर वाढतच नाहीत. कृमीने बीजाणू गिळला की त्यातून एक नळी झटक्यात बाहेर पडते आणि आतला ऐवज थेट आतड्याच्या पेशीत उतरतो. नवे बीजाणू आतड्याच्या पोकळीत सुटतात, म्हणून कृमी जिवंत असतानाच प्लेटभर पसरवत फिरतो. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी सी. एलिगन्सवरचं मूळ काम १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. पण या कृमीच्या आतड्यातल्या मायक्रोस्पोरिडियाचं, नेमॅटोसिडा पॅरिसायचं, वर्णन झालं थेट २००८ मध्ये, तेही पॅरिसजवळच्या रानटी कृमींमुळे. आजारी कृमी फेकून देणाऱ्यांना असलं काही कधीच सापडणार नाही.

अँटिबायोटिक देऊ नका, हे जिवाणू नाहीत. अल्बेंडाझोल तर कृमींवरचंच औषध, तुमचे कृमीच मरतील. अंडी भरलेले कृमी नेहमीसारखे ब्लीच करा, म्हणजे ब्लीचच्या द्रावणात विरघळवा. अंडी वाचतात, आणि हा संसर्ग अंड्यातून पुढे जात नाही.

मात्र उपाशी कृमीही फिकट दिसतात, आणि याच कृमींना होणाऱ्या ऑर्से विषाणूनेही आतड्यातले कण जातात. त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका, बीजाणू दिसलेच पाहिजेत. कॅल्कोफ्लोर व्हाइट या चमकणाऱ्या रंगद्रव्याने त्यांच्या भिंतीतलं कायटिन (बुरशीच्या भिंतीतही असणारा पदार्थ) चमकतं, पण प्लेटवर साधी बुरशी असेल तर तीही चमकते.

आणि ब्लीच करण्याआधी थोडे आजारी कृमी उणे ८० अंशांवर गोठवून ठेवा. मी ठेवले होते, म्हणून पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच संसर्ग पुन्हा करून दाखवता आला. त्यानंतर "योगायोग" कुणी म्हटलं नाही.