लीन म्हणजे फक्त ५एस आणि कायझन का?

तुम्ही विचारलंय की नुकताच प्रॉडक्शनला लागलोय, लीन म्हणजे ५एस आणि कायझन एवढंच का, हे आलं कुठून, आणि कोर्स करावा का.

एवढंच नाही. लीन म्हणजे टोयोटाकडून आलेली, वाया जाणारं कमी करत माल बनवायची पद्धत. ५एस (जागा नीट लावून, स्वच्छ ठेवणं) आणि कायझन (रोजच्या छोट्या सुधारणा) हे तिचे फक्त भाग. पण बहुतेक ठिकाणी तेवढंच उरतं. मी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवतात तिथे, शिफ्ट सांभाळली आहे, म्हणून हा प्रश्न जरा झोंबला.

उगम थोडक्यात सांगतो. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाची खरी खुबी ही की सूत तुटलं की माग आपोआप थांबायचा. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेला बरा. हाच जिदोका. मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला, १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी निघाली, आणि 'हवं तेव्हा, हवं तेवढंच' हे त्याचं खूळ. युद्धानंतर हाती पैसा नाही, बाजार लहान, त्यामुळे अमेरिकेसारखं एकाच मॉडेलचे ढीग लावणं परवडणारं नव्हतं. टोयोटाचे इंजिनिअर ताइइची ओनो यांनी या दोन्ही गोष्टी शॉपवर उतरवल्या. सुपरमार्केटात गिऱ्हाईक उचलेल तेवढंच फळीवर परत भरतात, त्यावरून त्यांचं कानबान, म्हणजे पुढच्याला लागेल तेवढंच बनवा असं मागच्याला सांगणारं कार्ड. 'लीन' हे नाव तर १९८८ मधलं, जॉन क्राफचिक यांच्या लेखातलं.

म्हणजे खांब दोन: दोष दिसला की थांबणं, आणि हवं तेवढंच बनवणं. आमच्याकडे दुसरा एकच आणला.

एका रात्रपाळीला ऑपरेटरने ट्रॉलीतला एक पीस माझ्या हातात दिला. 'साहेब, नख फिरवून बघा.' फिरवलं तर कडेला कुसं लागली. पंचाची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या हत्याराची, धार गेली होती. मी प्रेस थांबवला, टूलरूमला फोन केला. वीस मिनिटांत वरिष्ठ साहेब हजर. त्यांचा पहिला प्रश्न: 'कोणी थांबवलं?' पीस दाखवला तर त्यांनी तो पाहिलाही नाही. पुढच्या लाइनचा माल कमी पडेल, चालू करा, सकाळी बघू. चालू केला. सकाळी असेंब्लीवर एकही पीस फिक्स्चरमध्ये बसेना. पुढचे दोन दिवस सहा माणसं कानस घेऊन कडा घासत होती.

पुढची गंमत ऐका. घासायला वाकावं लागतं म्हणून कोणीतरी उंच टेबल बनवून घेतलं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि त्या महिन्याचं कायझनचं बक्षीस त्या टेबलाला! मुळात घासायला का लागतंय, हे कोणी विचारलं नाही. ओनो 'का' पाच वेळा विचारायला सांगायचे. आम्ही एकदाही विचारलं नाही, वर फोटो बोर्डावर लावला.

साहेबांना तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो की बिघडलेला माल बनवणं हाही मुदाच, म्हणजे वाया घालवणंच; ओनोंच्या मुदाच्या सात प्रकारांत तो आहे. त्यांचं म्हणणं, लाइन थांबली की पैसा थांबतो. मग त्या कानशींचा हिशेब कोणत्या खात्यात टाकला? उत्तर अजून आलेलं नाही.

म्हणून कोणी जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारून 'आमच्याकडे लीन आहे' म्हणालं की मला हसू येतं. साठा कमी करायचा आणि थांबायचा हक्क द्यायचा नाही, याला मी लीन म्हणत नाही. साठा कमी केला की दोष उघडे पडतात. ते बघायचेच नसतील तर साठा होता तोच बरा होता.

आता, ५एसला मी नावं ठेवत नाही. पाना जागेवर असेल तरच डाय (प्रेसचा साचा) पटकन बदलता येतो, आणि डाय पटकन बदलला तरच बॅच लहान ठेवता येते. शिवाय साठा शून्याकडे नेणंही जपून. १९९७ मध्ये टोयोटाला भाग पुरवणाऱ्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली, ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह मिळेना आणि टोयोटाच्या जपानमधल्या जवळजवळ सगळ्या लाइन काही दिवस बंद पडल्या. आणि साहेबांची बाजूही सांगायला हवी: वरून त्यांना रोज फक्त आकडा विचारला जायचा, पीस कोणीच विचारत नव्हतं.

कोर्सचं म्हणाल तर करा, नोकरीला उपयोग होतो. पण त्याआधी तुमच्या लाइनवरच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरला विचारा, त्याने मशीन शेवटचं कधी थांबवलं आणि मग कोण काय बोललं.