शस्त्रक्रियेची ट्रॉली लावण्याची पद्धत सर्व परिचारिकांसाठी एकच असावी का?

नागपुरातील आपल्या रुग्णालयात प्रत्येक सिस्टर ट्रॉली आपापल्या सवयीने लावते, तेव्हा त्यासाठी एकच पद्धत ठरवावी का, असे आपण विचारले आहे. नक्की ठरवावी, आणि त्याचे मुख्य कारण वेग नसून मोजणी हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 19 मुद्द्यांच्या शस्त्रक्रिया सुरक्षा सूचीत, रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वी उपकरणे, स्पंज (रक्त टिपण्याचे कापडी तुकडे) आणि सुया यांची मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने तोंडी सांगणे अपेक्षित आहे. शस्त्रक्रिया लांबून मध्येच ड्यूटी बदलली, तर नव्या सिस्टरला आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडण्याचे चिमटे), कात्र्या आणि रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला धरणारी उपकरणे) ठरलेल्या जागी व ठरलेल्या क्रमाने दिसले पाहिजेत, म्हणजे एखादे उपकरण कमी असल्यास रिकामी जागाच ते दाखवून देते. ब्लेड आणि सुयांसाठी वेगळा किडनी ट्रे (मूत्रपिंडाच्या आकाराचे भांडे) मात्र सक्तीचा ठेवावा, कारण हाताला इजा बहुधा त्यांनीच होते. मेयो ट्रॉलीवरील (रुग्णाजवळ ठेवलेल्या, लगेच लागणाऱ्या उपकरणांच्या छोट्या ट्रॉलीवरील) मांडणी शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार बदलेल. म्हणून प्रत्येक प्रकारचे छायाचित्र उपकरणांचे सेट बांधण्याच्या खोलीत लावावे. डावखुऱ्या सर्जनसाठी मांडणीची दिशा बदलावी, क्रम नव्हे. हा क्रम अनुभवी सिस्टरांनीच ठरवावा.