वाचकांचे प्रश्न : अध्यक्षांची सही आणि नातवंडाचे नागरिकत्व

प्रश्न : माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर आहेत आणि सुनेला दिवस गेले आहेत. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आदेशामुळे तिथे जन्मणाऱ्या बाळाला नागरिकत्व मिळणार नाही, असे आमच्या सोसायटीतले काही जण सांगतात. काही म्हणतात, अध्यक्षांना तो अधिकारच नाही. एका सहीने घटनेतला हक्क जाऊ शकतो का? आणि तिकडे सगळेच दोन पक्षांत वाटले गेले असताना अध्यक्षांना अडवणार कोण?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आदेश निघाला हे खरे आहे, आणि २०२५ साल संपेपर्यंत तो एकाही बाळाला लागू होऊ शकला नाही, हेही खरे आहे. डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, पदभार स्वीकारला त्याच दिवशी, त्यावर सही केली. आई बेकायदा राहत असेल किंवा शिक्षण, नोकरी, पर्यटन अशा तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला नागरिक मानू नये, असा त्याचा आशय आहे. एच-१बी व्हिसा तात्पुरत्यांतच मोडतो, त्यामुळे तुमची काळजी अनाठायी नाही. मात्र तीनच दिवसांत सिएटलचे न्यायाधीश जॉन कफनॉर यांनी आदेश रोखला आणि तो उघडउघड घटनाबाह्य असल्याचे सुनावले. त्यांची नेमणूक रोनाल्ड रीगन या रिपब्लिकन अध्यक्षांनी केली होती. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे.

हा हक्क १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून आला आहे. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात दिला होता. यादवी युद्धानंतर तो कायमचा पुसून टाकण्यासाठी, अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे, असे घटनेतच लिहिले गेले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ मध्ये चीनहून परतला, तेव्हा त्याला बंदरावरच अडवण्यात आले. १८९८ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी तो नागरिक असल्याचा निर्वाळा दिला. आजच्या सरकारची सारी भिस्त ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ या शब्दांवर आहे. परक्या देशाच्या राजदूताच्या मुलाला हा अपवाद लागू होतो, कारण राजदूतावर तिथला कायदा चालत नाही. पण जो तुमच्या मुलासारखा तिथे कर भरतो आणि गुन्हा केल्यास तिथल्याच तुरुंगात जाईल, तो अधिकारक्षेत्राबाहेर कसा, हे मला तरी पटलेले नाही.

कार्यकारी आदेश म्हणजे सरकारी खात्यांनी कायदा कसा राबवावा हे सांगणारा हुकूम. त्याने कायदाही बदलत नाही, मग घटना कुठून बदलणार? कोरियन युद्ध चालू असताना, ८ एप्रिल १९५२ रोजी, संप टाळण्यासाठी हॅरी ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने २ जूनला तो सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. त्या नऊही न्यायाधीशांची नेमणूक ट्रुमन यांनी किंवा त्यांच्याच पक्षाच्या रूझवेल्ट यांनी केलेली होती, आणि खुद्द ट्रुमन यांनी नेमलेल्या चौघांपैकी दोघे त्यांच्या विरोधात गेले. अर्थात न्यायालय दरवेळी असे उभे राहतेच असे नाही. रूझवेल्ट यांच्या १९४२ च्या आदेशामुळे सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते, तरी १९४४ मध्ये न्यायालयाने सरकारचीच बाजू उचलून धरली.

आता अडवण्याबद्दल. अध्यक्षांना आवरण्याची खरी जबाबदारी संसदेची, म्हणजे काँग्रेसची आहे, आणि ध्रुवीकरणाचा घाव तिथेच बसला आहे. १९७४ मध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला, कारण त्यांच्याच पक्षाचे सिनेटर त्यांना भेटून सिनेटमध्ये पुरेशी मते उरली नसल्याचे सांगून आले. महाभियोगात दोषी ठरवण्यासाठी शंभरपैकी ६७ मते लागतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या विरोधात सात रिपब्लिकन सिनेटरांनी मत दिले, तरी आकडा ५७ वरच थांबला. घटनादुरुस्तीसाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत आणि पन्नासांपैकी ३८ राज्यांची संमती हवी, त्यामुळे तो मार्गही दोन्ही पक्षांना बंद आहे. मग प्रत्येक अध्यक्ष, कोणत्याही पक्षाचा असो, सहीचा आडमार्ग धरतो, निम्मा देश टाळ्या वाजवतो आणि उरलेला निम्मा कोर्टात जातो.

कोर्टाची वाटही सरळ नाही. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, वादींना पुरेसा दिलासा देण्यापलीकडे जाऊन जिल्हा न्यायाधीशांनी देशभर सरसकट मनाई करू नये. आदेश घटनेत बसतो की नाही, याला त्यांनी हातच लावला नाही. आपल्याकडच्या काही बातम्यांत हा ट्रम्प यांचा अंतिम विजय म्हणून छापला गेला, तो गैरसमज होता. १० जुलैला न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी अशा सर्व बाळांच्या वतीने सामूहिक दावा मान्य करून आदेश पुन्हा रोखला. त्यांची नेमणूकही एका रिपब्लिकन अध्यक्षांचीच, धाकट्या बुश यांची. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्न सुनावणीसाठी स्वीकारला.

तुमच्या घरापुरते सांगायचे, तर बाळाचा जन्मदाखला राज्याच्या यंत्रणेकडून मिळतो आणि पासपोर्ट संघराज्य सरकार देते. म्हणून दाखला हाती येताच पासपोर्टसाठी अर्ज करण्यास मुलाला सांगावे. मुलगा आणि सून भारतीय नागरिक असतील, तर जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात नोंदणी करून बाळाला भारतीय नागरिकत्वही घेता येते, मात्र त्यासाठी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचे लिहून द्यावे लागते. त्यामुळे या दोन वाटांपैकी कोणती धरायची, हे मुलाने आणि सुनेने तिथल्या वकिलाला विचारून बाळंतपणाआधीच ठरवलेले बरे.