ऑर्केस्ट्रात फ्लूट वाजवून मुंबईत पोट भरतं का?

तुमची मुलगी अकरावीत आहे, फ्लूटमध्येच करिअर करायचं म्हणते आणि घरचे विचारतायत 'त्यात काम असतं किती?', हे वाचलं आणि राहवलं नाही. गणपतीतला ऑर्केस्ट्रा नाही, सिम्फनीवाला, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा, विचारताय असं धरतो.

आमच्या काकांचाही हाच प्रश्न. मी जास्त करून पिकोलो वाजवतो, फ्लूटच्या निम्म्या लांबीचा, एक सप्तक वर. एकदा हौसेने काकांना पास दिला, बीथोवनची पाचवी सिम्फनी. त्यात पिकोलो फक्त शेवटच्या भागात आहे, त्यामुळे आधीचे तीन भाग, वीसेक मिनिटं, मी नुसता बसून. बाहेर आल्यावर काका सगळ्यांसमोर, "अरे, तुला बसायचे पैसे देतात होय?" तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात हाच जोक.

आता ते बसणं काय असतं ऐका. एसी मरणाचा, वाद्य गार पडलं की सूर उतरतो, मग ते बगलेत धरा, आवाज न करता आत गरम श्वास सोडा, आणि तिसऱ्या भागातून चौथ्यात जाताना मधे कोणी थांबतच नाही, थंड ओठांनी थेट वाजवायला लागायचं, आणि चुकलं तर व्हायोलिनवाल्यांसारखं घोळक्यात लपता येत नाही, शेवटच्या रांगेला कळतं. काकांनी सरकारी खात्यात अख्खी नोकरी बसून काढली, तिथे कोणी सूर तपासला नाही. असो.

पैशांचं म्हणाल तर पूर्णवेळ नोकरी म्हणावी असा मुंबईत एनसीपीएचा (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ पासूनचा, आणि सीझनला तिथेही बरेच वादक बाहेरदेशातून येतात. व्हायोलिनवाले डझनांनी लागतात, फ्लूटवाले दोन-तीन. बाकी शिकवण्या, चर्चमधली लग्नं, हॉटेलं. पूर्वी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला मोठा ताफा बसायचा, कितीतरी गोवेकर वादकांची घरं त्यावर चालली, सिंथेसायझर आला आणि ते आटलं.

मुलीच्या हातात पिकोलो लवकर द्या, भलेभले टाळतात, म्हणून वाजवणाऱ्याला फोन येतो. पावसाळ्यात वाद्याच्या चाव्यांखालचे पॅड ओलाव्याने चिकटतात, ते टिपायला तिच्या बॅगेत सिगारेटचा कागद सापडला तर घर डोक्यावर घेऊ नका.

हां, आमची ही बँकेत आहे आणि घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो, हेही लिहायला हवं.

आणि घरच्यांना पहिल्यांदा न्यायचं तर पाचवीला नेऊ नका. डेब्यूसीचं 'प्रेल्यूड टू द आफ्टरनून ऑफ अ फॉन' असेल त्या दिवशी न्या, सुरुवातच एकट्या फ्लूटने होते, बाकी सगळे गप्प. फक्त वेळेवर पोचा, उशीर झाला तर दारं लावतात आणि तेवढंच नेमकं हुकतं.