ब्रोमेलियाड: परत तेच प्रश्न

उन्हाळा लागला की ब्रोमेलियाडवरून, म्हणजे अननसाच्या खानदानातल्या शोभेच्या झाडांवरून, मेसेज सुरू होतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच. खालची अवघड नावं त्यांच्याच प्रकारांची. म्हणून सगळ्यांना एकदाच उत्तर.

टिलँडसिया कुंडीत मातीत लावली तर जोमानं वाढेल का? – लातूर

नाही, कुजेल. ती मातीशिवाय हवेतच वाढणारी.

डिकियाला आपल्याकडचं ऊन सोसेल का? – हिंगोली

सोसेल. मे महिन्यात दुपारची तेवढी ग्रीन नेट.

ग्वझमॅनियाचं लाल फूल सुकलं, आता झाडपण चाललंय, कुठलं टॉनिक देऊ? – परभणी

कुठलंच नाही. ते एकदाच फुलतं आणि मग सावकाश जातं, अननसाच्याच खानदानातलं आहे. बुडाशी पिल्लं येतील, ती आईच्या निम्म्याएवढी होईस्तोवर हात लावू नका.

नियोरेजेलियाच्या पानांवर पांढरं आलंय. कृषी सेवा केंद्रात बुरशी म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड दिलं, फवारू का? – बीड

थांबा!! ब्रोमेलियाडला तांबं अजिबात सोसत नाही, झाड जाईल. मोसंबीला चालतं म्हणून इथं चालेल असं कसं, आणि फोटोसुद्धा न बघता पुडी हातात देणाऱ्याला काय म्हणावं. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी तुम्ही प्या, झाडाला नको. आता ते पांढरं. नखानं खरवडून बघा, खडूसारखी खरखरीत पूड निघाली तर ते बोअरचे क्षार, पानांमधल्या कपात पाणी साचतं, आटतं, क्षार मागं राहतात आणि तुम्ही वरून परत तेच मचूळ पाणी ओतता, मग बुरशी बुरशी म्हणून पळता. कप उलटा करून धुवा, पावसाचं पाणी धरून ठेवा, नाहीतर आरओचं द्या, पण आरओमधून वाया जाणारं नाही, त्यात क्षार अजून जास्त. कापसासारखं चिकट निघालं तर मिलीबग (पिठ्या ढेकूण) असेल, तेव्हा आधी कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, औषध नंतर.

निळी झेरोग्राफिका (टिलँडसियाचीच एक जात) ऑनलाइन स्वस्तात मिळतेय, आजच ऑफर संपतेय. – जालना

संपू द्या. ती मुळात चंदेरी-करडी असते, निळी म्हणजे रंग मारलेली, आणि पानांवरच्या ज्या बारीक खवल्यांतून ती पाणी पिते तीच रंगानं बुजतात. परदेशातून मागवणार असाल तर ती सायटिसच्या (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे, शिवाय आयात परवाना लागतो, पैसे पाठवायच्या आधी प्लांट क्वारंटाइनच्या ऑफिसात विचारा.

कपात डासांच्या अळ्या दिसल्या, मुलाला 2 दिवस ताप आहे, डेंग्यू असेल का? – संभाजीनगर

मग मला काय विचारताय, मुलाला आत्ता डॉक्टरकडे न्या! कपातलं पाणी दर आठवड्याला उलटून टाकायचं, रॉकेल-तेल काही ओतायचं नाही, पण ते दवाखान्यातून आल्यावर.