गावात डॉक्टर, वॉर्डात ब्रदर

*मावशी, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दोनदा नीट (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) दिली, नंबर लागला नाही, म्हणून इथे आलो. वडिलांनी पारावर सांगून टाकलं, ‘पोरगा मेडिकलले आहे.’ तेव्हापासून गाव मला डॉक्टर म्हणतं. शेजारच्या काकूंची कंबर दुखते. त्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणतात आणि मी देतो. आतापर्यंत तीनदा दिलं. नाही म्हटलं तर बिंग फुटेल. वर्गात साठ जणांत आम्ही सात मुलं. कॉलेज सोडून पुन्हा नीट द्यावी का? – यवतमाळ जिल्ह्यातला एक वाचक (पत्र थोडक्यात दिलं आहे)*

बाळा,

तू मला मावशी म्हणालास. वॉर्डात मावशी म्हणजे साफसफाई आणि पेशंटची कामं करणारी बाई, ते एव्हाना तुला कळलं असेल. मी सिस्टर होते, नंतर बरीच वर्षं ट्युटर. पण मावशी म्हटलेलं मला चालतं. माझ्या पहिल्या नाइटला मला सांभाळून घेतलं होतं ते एका मावशीनेच.

तुझा प्रश्न नीटचा आहे. मी सुरुवात इंजेक्शनपासून करणार, कारण नीट पुढच्या वर्षी आहे आणि काकू कदाचित याच रविवारी सिरिंज घेऊन दारात उभ्या राहतील.

तिसरं इंजेक्शन दिलंस ना? ते शेवटचं. चौथं द्यायचं नाही.

काकूंना कधी दमा होता का, विचारलंस? अल्सर? किडनीचा काही त्रास? बीपीची गोळी चालू आहे का? तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणजे विचारलं नसणार. डायक्लोफेनॅक दहा रुपयांना मिळतं म्हणून साधं नसतं. दम्याच्या माणसाला त्याने कधी कधी जोराचा अ‍ॅटॅक येतो. किडनी आधीच कमजोर असेल तर आणखी बिघडते. रिअ‍ॅक्शन आली आणि काकू ओट्यावरच कोसळल्या, तर तुझ्या हाताशी काय आहे? अ‍ॅड्रेनलिन नाही, ऑक्सिजन नाही, पेशंटला बघणारा डॉक्टर नाही. आणि सुई कुल्ल्यावर चुकीच्या जागी गेली की सायटिक नर्व्ह दुखावते, पाऊल लुळं पडतं. फूट ड्रॉप म्हणतात त्याला. असा एक शेतमजूर मी वॉर्डात बघितलाय. चप्पल पायात राहत नव्हती त्याच्या. इंजेक्शन गावातल्याच कुणा ‘डॉक्टर’ने दिलं होतं.

कायद्याचंही ऐक. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करायला १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने बंदी आहे. बोगस डॉक्टरच्या बातम्या वाचतोस ना, त्या याच्याच असतात. ‘मी पैसे घेतले नाहीत’ हे पोलीस पाटलाला सांगून बघ. चार वर्षांनी तू पास होशील, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तुझी नोंदणी होईल, नावापुढे आर.एन.आर.एम., म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि सुईण, असं लागेल. तेव्हासुद्धा इंजेक्शन डॉक्टरच्या ऑर्डरवरच द्यायचं असतं. आज तर तू पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहेस. वॉर्डात तुला ट्युटरशिवाय साधं सलाईन लावू देत नाहीत, मग ओट्यावर कसं काय?

रागावले, हो. पण थापेमुळे माणूस कुठवर जातो ते तुला दिसायला हवं होतं. डॉक्टर म्हणवून घेतलंस तिथवर लोकांची करमणूक होती. पण थाप टिकवायला तू सुई हातात घेतलीस.

थाप मुळात तुझी नाही, हेही मला दिसतंय. ती वडिलांची आहे. दोन वर्षं क्लासची फी भरलेला बाप पारावर काय बोलणार होता? ‘मेडिकल’ हा शब्द त्यांना सोयीचा पडला, आणि तसा तो अगदी खोटाही नाही. म्हणून गावाला सांगण्याआधी त्यांना सांग. शेतात, दोघंच असताना सांग. ‘बाबा, मी आता लोकांना नर्सिंग सांगणार आहे, काकूंना इंजेक्शन देणार नाही, कारण काही झालं तर जेलात मी जाईन.’ ते चिडतील. चिडू देत. दोन दिवस बोलणार नाहीत. मग काकूंकडे जा आणि साध्या शब्दांत सांग, ‘काकू, मी डॉक्टर होत नाहीये, नर्सिंगला आहे. इंजेक्शन देणार नाही, पण ग्रामीण रुग्णालयात तुमच्याबरोबर येतो, रांगेत उभा राहतो, कागद वाचून सांगतो.’ गाव आठवडाभर हसेल. पण सरकारी दवाखान्यात कुठल्या खिडकीवर केस पेपर मिळतो आणि सोनोग्राफी कधी असते, हे माहीत असलेला माणूस गावाला लागतोच. महिनाभरात हसणारेच तुला फोन करतील.

आता नीट.

तुझं पत्र साडेचार पानांचं. त्यात लाज तीन पानं. नीट दोन ओळी, आणि त्या दोन ओळींत डॉक्टर का व्हायचंय हे कुठेच नाही. बाकीचं जवळजवळ एक पान कशावर आहे, आठवतंय? अकरा नंबरच्या बेडवरच्या आजोबांवर. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजनाने ताणून ठेवलेला (ट्रॅक्शनवर), तीन आठवडे दाढी नाही, भेटायला कोणी नाही. तू सिस्टरला विचारून त्यांची दाढी केलीस. पाणी कोमट केलंस, हनुवटीच्या खळीत ब्लेड अडत होतं म्हणून कातडी ताणून धरलीस, पाठीवर लाल डाग दिसला तो जाऊन सांगितलास. आजोबा म्हणाले, ‘आज मानसात आलो रे बाप्पा.’ तो लाल डाग म्हणजे बेडसोअरची, एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. पहिल्या वर्षाच्या पोराला तो दिसला! माझ्या हाताखालून किती तरी बॅचेस गेल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत पाठ उलटून न बघणारे मी खूप पाहिलेत.

यावरून तू नर्सिंगच करावंस असा हुकूम मी सोडत नाही. २०२४ साली नीटला चोवीस लाखांच्या आसपास मुलांनी नोंदणी केली होती, आणि एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून सव्वा लाखाच्या आत होत्या. हे गणित तुला माझ्याहून चांगलं येतं. ज्याला खरंच निदान करायचंय, शस्त्रक्रिया करायचीय, त्याने तिसऱ्यांदाही बसावं, मी अडवणार नाही. पण पारावर मान खाली घालावी लागते म्हणून बसणार असशील तर माझं मत स्पष्ट आहे: नको. आणि सोडायचंच ठरलं तर आधी ऑफिसात जा. मूळ कागदपत्रं, फी, शिष्यवृत्ती यांचं काय होणार ते लेखी विचार. तोंडी उत्तरावर कॉलेज सोडू नकोस.

मुलांचं म्हणशील, तर गोड बोलून फसवणार नाही. बाळंतिणीच्या वॉर्डात तुला त्रास होईल. मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचं काम, अभ्यासक्रमात आहे, पोस्टिंग टळत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला पेशंटच्या सासूने चक्क वॉर्डाबाहेर काढलं होतं. बरोबर एखादी सिस्टर किंवा वर्गमैत्रीण घे, पेशंटला आधी विचार, ती नाही म्हणाली तर मुकाट्याने बाजूला हो. तिचा तो हक्क आहे, तुझा अपमान नव्हे. भरतीतही मुलांच्या वाट्याला जागा कमी येतात. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीतल्या ८०:२० (ऐंशी मुली, वीस मुलं) प्रमाणावरून मुलांची तक्रार जुनीच आहे. खासगी दवाखान्यातला सुरुवातीचा पगार ऐकून तर रडू येईल. दुसऱ्या बाजूने बघ: कॅज्युअल्टी, आयसीयू, ऑर्थो, मानसोपचार, सगळीकडे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, हवाच असतो. ऐंशी किलोच्या पेशंटला कुशीवर वळवताना आम्ही कुणाला हाक मारायचो असं तुला वाटतं?

पुरुषाने रोग्याची सेवा करणं आपल्याकडे नवं आहे असंही कुणी सांगू नये. तुझ्या यवतमाळहून वर्धा काही लांब नाही. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे कुटी आहे, ती एकदा बघून ये. कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना गांधीजींनी तिथे ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं मालिश केलं. त्या काळात अशा माणसाच्या जवळ कोणी फिरकत नसे. गांधीजी बॅरिस्टर होते, मालिश करायला माणूस ठेवू शकले असते.

तू पत्रात ‘नुसतं नर्सिंग’ असं दोनदा लिहिलंयस. चार वर्षं, आठ सेमिस्टर, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी. तुझ्या गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसत असतील, तर त्यांनी काय शिक्षण घेतलंय ते जाऊन विचार. बी.एस्सी. नर्सिंग करून त्या खुर्चीवर बसलेले बरेच आहेत. इंग्रजीचं रडगाणं मी वाचलं, ते सगळ्यांचंच असतं. रोज वॉर्डातून दहा शब्द वहीत आण, अ‍ॅनाटॉमी त्यातूनच सुटेल. पासिंग पन्नास टक्के आहे, पस्तीस नाही, एवढं ध्यानात ठेव.

बाबांशी बोलणं झालं की दोन ओळी टाक. आणि काकूंच्या कंबरेचं काय निघालं ते जरूर कळव. तीन-तीनदा इंजेक्शन लागतंय म्हणजे कोणी नीट तपासलेलंच नाही. वय काय त्यांचं? पायात मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, ते विचार, आणि येत्या सोमवारीच घेऊन जा.

– तुझी मावशी